बेटावर जाताय? पाण्याबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून आम्ही पंधरा-वीस जणांचे गट घेऊन बेटांवर जातो. लक्षद्वीप, मालदीव, माल्टा, ग्रीसमधलं सँटोरिनी, एकदा कॅनरी बेटांतलं लान्झारोटे. निघण्याआधीच्या बैठकीत व्हिसा झाला, शाकाहारी जेवणाची खात्री झाली, की हमखास कोणीतरी पाण्याचं विचारतं आणि मग अर्धा तास तोच विषय चालतो. तेच प्रश्न, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी मूळचा मनमाडचा. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात वाढलो, त्यामुळे काही उत्तरं गरजेपेक्षा लांबली असतील. सांभाळून घ्या.

चारी बाजूंनी समुद्र आहे, मग टंचाई कसली?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम मीठ असतं. ते प्यायलं तर मीठ बाहेर टाकायला शरीराला त्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं, म्हणजे तहान वाढते. शेतीला ते चालत नाही, स्वयंपाकाला चालत नाही. त्यामुळे पाण्याच्या हिशेबात समुद्र धरायचाच नाही. तो वजा केला की शेजारपाजार नसलेलं एक एकटं गाव उरतं.

आपल्याकडे दुष्काळी तालुक्यालाही कुठून तरी पाणी मिळायची आशा असते. येवल्यात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, माल्टातही जवळपास तेवढाच. पण येवल्याच्या वरच्या अंगाला सह्याद्री आहे. दिंडोरीकडच्या डोंगरात पडलेलं पाणी करंजवण, पालखेड अशा धरणांत अडतं आणि कालव्याचं आवर्तन सुटलं की खाली पोचतं. माल्टाला वरचं अंगच नाही. तिथे बारमाही नदी एकही नाही. लान्झारोटेवर तर वर्षभरात दीडशे मिलिमीटरही पाऊस धड होत नाही, इगतपुरीत जुलैतल्या एका झडीत तेवढा पडून जातो.

सिंधुदुर्ग किल्ल्यात गोड्या विहिरी आहेत की! मग बाकीच्या बेटांवर का नाहीत?

मालवणला जाऊन आलेला प्रत्येक जण हे विचारतो आणि प्रश्न रास्त आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, भर समुद्रात तीन गोड्या विहिरी. जंजिऱ्यातही गोड्या पाण्याचे तलाव आहेत. पण कोकणात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि किल्ल्यावरची वस्ती मोजकी.

विहिरी बाकीच्या बेटांवरही असतात. कोरड्या, सपाट बेटावर पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. त्याचा आकार भिंगासारखा, मध्ये जाड आणि कडेला पातळ. भूजलाचा अभ्यास करणारे एक ठोकताळा सांगतात. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा जेवढी वर, त्याच्या साधारण चाळीस पट जाडीचा गोड्या पाण्याचा थर खाली. ऐकायला छान वाटतं, पण हाच हिशेब उलटा करून पाहा. उपसा करून पातळी एक फूट खाली नेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकायला लागतं. विहीर आधी मचूळ होते, मग खारी, आणि एकदा खारावलेली विहीर एका पावसाळ्यात परत गोडी होत नाही.

आपल्याकडे बोअर आटली की आणखी खोल घेतात. बेटावर खोल जाणं म्हणजे समुद्राकडे जाणं.

मालदीवची राजधानी माले याच वाटेने गेली. गर्दी वाढली, उपसा वाढला आणि जमिनीखालचं गोडं पाणी संपलं. २००४ च्या त्सुनामीत तिथल्या कित्येक बेटांवरच्या विहिरींत समुद्र शिरला. शिवाय शोषखड्डे विहिरींच्या जवळ असतात, त्यामुळे जे पाणी उरलं ते प्यायच्या लायकीचं राहीलच असं नाही.

पर्यटकांमुळे असा किती फरक पडतो? आपण चार दिवस तर जाणार.

तुमचे चार दिवस बाकी सगळ्यांच्या चार दिवसांवर येऊन पडतात, अडचण तिथे आहे. सँटोरिनीची कायमची वस्ती साधारण पंधरा हजार. पाहुणे वर्षाला तीस लाखांच्या वर आणि त्यातले बहुतेक उन्हाळ्यात. माल्टात पाच लाख लोक राहतात, २०१९ साली तिथे साडेसत्तावीस लाख पर्यटक आले.

आणि ते येतात कधी? भूमध्य समुद्रातला पाऊस ऑक्टोबर ते मार्चमधला. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश निळंशार, म्हणून तर गर्दी. आपला इगतपुरी-त्र्यंबकचा पर्यटक पावसासोबत येतो, धबधबा बघतो, भिजतो, भजी खाऊन घरी जातो. तिकडचा पर्यटक नेमका पाऊस नसताना येतो. वर्षातलं सगळ्यांत कमी पाणी आणि सगळ्यांत जास्त माणसं एकाच महिन्यात. सिंहस्थाच्या एखाद्या पर्वणीला नाशिकवर जो ताण येतो, तो दर उन्हाळ्यात, तोही वरच्या बाजूला गंगापूर धरण नसताना, अशी कल्पना करा.

माणशी वापराचंही सांगतो. आपल्याकडे सांडपाण्याची भूमिगत गटारं असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे माप धरतात, जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ लिटर. मोठ्या रिसॉर्टमध्ये माणशी तीनशे लिटर सहज ओलांडले जातात. त्यात तुमची आंघोळ थोडीच असते. रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी, पंचे, बाग, तलाव, स्वयंपाकघर हे सगळं तुमच्या नावावर चढतं.

समुद्राचं पाणी गोडं करतात ते आपल्या घरच्या आरओसारखंच का?

तत्त्व तेच, पण ताकद फार वेगळी. घरचा आरओ नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालतो. समुद्राचं पाणी आरओच्या पडद्यातून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या बारीक गाळणीतून, ढकलायचं तर हवेच्या दाबाच्या साठपट दाब द्यावा लागतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या पंचवीस-तीस पट. त्यासाठी हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा एक टँकर भरायचा झाला तर तीस-चाळीस युनिट फक्त पाणी बनवायला, पोचवायचा खर्च वेगळा. बऱ्याच छोट्या बेटांवर वीज डिझेलवर तयार होते आणि डिझेल जहाजाने येतं. म्हणजे तुम्ही नळ सोडता तेव्हा कुठेतरी डिझेल जळत असतं. मनमाडला पाणी टँकरने यायचं, बेटावर ते डिझेलच्या पिंपातून येतं, असं मी गटाला सांगतो. लोक हसतात, पण नळ बंद करतात.

घरच्या आरओमधून वाया जाणारं पाणी आपण भांडी धुवायला, फरशी पुसायला घेतो. इथेही शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून चाळीस-पंचेचाळीस लिटरच गोडं मिळतं. उरलेलं जवळजवळ दुप्पट खारट होऊन समुद्रात परत जातं. ते जड असल्यामुळे तळाशी बसतं. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या गवताची कुरणं आहेत, माशांची पिल्लं त्यांत वाढतात, आणि जादा खारटपणा त्या गवताला सोसत नाही. म्हणून खारं पाणी किती लांब आणि कसं पसरवून सोडायचं, याचं वेगळं गणित करावं लागतं.

युरोपात समुद्राचं पाणी गोडं करून वापरणाऱ्या पहिल्या ठिकाणांपैकी एक लान्झारोटे, १९६० च्या दशकाच्या मध्यावर. त्याआधी तिथे पाणी जहाजाने यायचं. बेटावर आज जे पर्यटन दिसतं ते या यंत्रानंतरचं आहे. माल्टात आता निम्म्याहून बरंच जास्त पाणी समुद्रातून काढलेलं असतं.

लक्षद्वीपमध्ये वेगळीच पद्धत आहे म्हणतात, ती कोणती?

हो, आणि ती आपल्या लोकांनी उभी केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कळसूबाईवर चहा ठेवला तर पाणी खालच्यापेक्षा कमी तापमानाला उकळतं, कारण वर हवेचा दाब कमी. हाच धागा ताणत नेला, मोठ्या टाकीतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतली, तर २८ अंशांचं साधं समुद्राचं पाणीसुद्धा वाफ होऊन उडतं. मीठ खाली राहतं. आता ती वाफ थंड करायला गार पाणी हवं. लक्षद्वीपची बेटं समुद्रात एकदम उभी उतरतात, त्यामुळे किनाऱ्यापासून फार लांब न जाता साडेतीनशे मीटर खोलीवरचं १२-१३ अंशांचं पाणी पाइपने वर आणता येतं. वरचं कोमट, खालचं गार, मध्ये गोडं पाणी. ना पडदे बदलायचे, ना रसायनं घालायची.

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला असा पहिला प्रकल्प सुरू केला, रोज एक लाख लिटरचा. आपल्या भाषेत दहा टँकर. नंतर मिनिकॉय, अगत्ती आणि आणखी काही बेटांवर तो झाला. लाटांमध्ये तो लांब पाइप उभा ठेवणं हे या कामातलं सगळ्यांत अवघड प्रकरण.

एक लक्षात ठेवा. हे पाणी मुख्यतः तिथल्या लोकांच्या पिण्यासाठी आहे. तुमच्या मुक्कामाच्या ठिकाणी न्हाणीघरातलं पाणी विहिरीचं, थोडं मचूळ असू शकतं. त्यावरून तक्रार करू नका.

यंत्रच बंद पडलं तर?

४ डिसेंबर २०१४ ला मालेत हेच झालं. पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. शहराखाली गोड्या पाण्याची विहीर उरलेली नाही, हे मघाशी सांगितलंच. भारताने दुसऱ्याच दिवशी हवाई दलाच्या विमानांनी पाणी पाठवलं. आयएनएस सुकन्या पोचली, ती जहाजावरच्या यंत्रांनी समुद्राचं पाणी गोडं करून देत होती. मागून आयएनएस दीपक मोठा साठा घेऊन गेली. या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन नीर’.

रिसॉर्टांना त्या दिवसांत फारशी झळ लागली नाही. मालदीवमध्ये एका बेटावर एक रिसॉर्ट अशी रीत आहे आणि प्रत्येकाचं स्वतःचं यंत्र असतं.

टँकर पाठवता येत नाहीत? पाइपलाइन?

टँकर जातात, फक्त ते तरंगणारे असतात. मायोर्का बेटाला १९९५ ते १९९७ स्पेनच्या मुख्य भूमीवरून जहाजाने पाणी नेलं. सायप्रसने २००८ च्या दुष्काळात ग्रीसहून आणलं. २०२४ च्या उन्हाळ्यात सिसिलीत लिकाता गावाला इटलीच्या नौदलाचं जहाज पाणी घेऊन गेलं. आपण २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तोच प्रकार. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपला रामकुंडही कोरडा पडला होता, विसरला नसाल.

पाइपलाइन टाकलेली आहे ती तुर्कस्तानातून उत्तर सायप्रसला, २०१५ मध्ये. समुद्रातून सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि समुद्र खूप खोल असल्यामुळे पाइप तळाला न टेकवता अडीचशे मीटर खोलीवर दोरांनी बांधून अधांतरी ठेवला आहे. वर्षाला साडेसात कोटी घनमीटर पाणी, म्हणजे अडीच टीएमसीहून थोडं जास्त, गंगापूर धरणाच्या साधारण निम्मं. जानेवारी २०२० मध्ये तो तुटला आणि दुरुस्त व्हायला ऑक्टोबर उजाडला. दुसऱ्याच्या धरणातलं पाणी घ्यायचं म्हटलं की राजकारणही पाइपातून येतं. जायकवाडीला पाणी सोडायच्या वेळी नाशिकमध्ये काय होतं ते आपण कमी पावसाच्या वर्षी बघतो, इथे तर बेटाच्याच उत्तर आणि दक्षिण बाजूंमध्ये जुनं वैर आहे.

पूर्वीचे लोक कसं भागवत होते?

अंकाई-टंकाईवर गेला असाल तर उत्तर तुम्ही पाहिलेलं आहे. टाकी. गडावर जशी कातळात खोदतात तशी घराखाली, अंगणाखाली, चुन्याने लिंपलेली. सँटोरिनीची जी पांढरी, उतरती, गोलसर छपरं तुम्ही फोटोत पाहता, त्यांवरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून घराखालच्या टाक्यात जायचं. माल्टाची राजधानी व्हॅलेटा सोळाव्या शतकात वसवली तेव्हा प्रत्येक घराला हौद असलाच पाहिजे असा नियम होता. पुढे १६१० ते १६१५ मध्ये त्यांनी बेटाच्या आतल्या झऱ्यांवरून कमानींवर चढवलेला दगडी पाट शहरात आणला. तो रस्त्याच्या कडेला अजून दिसतो, आम्ही तिथे बस थांबवतोच.

नवीन घरांना टाकी कोण बांधतं? जुनी आहेत त्यांतली कित्येक आता पर्यटकांच्या खोल्या झाली आहेत. सँटोरिनीत आम्हाला एकदा अशीच खोली मिळाली. घुमटाकार, गार, भिंतीवर पाण्याच्या पातळीची जुनी रेघ. गटातल्या सगळ्यांना ती फार आवडली. मला रात्री झोप लागली नाही. पाण्याच्या टाक्यात पलंग टाकलेला मनमाडच्या माणसाला बघवत नाही.

एवढ्या कमी पाण्यात तिथे द्राक्षं कशी येतात?

हा प्रश्न पिंपळगाव, निफाड, दिंडोरीची मंडळी विचारतात आणि बागाईतदार सोबत असले की आमचं वेळापत्रक इथेच कोलमडतं. लान्झारोटेवर १७३० ते १७३६ सलग ज्वालामुखी धुमसला, सुपीक जमीन काळ्या राखेखाली गेली. लोकांनी त्या राखेत खोल खड्डे केले, खालच्या मूळ मातीत वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल आडोशाची भिंत रचली. राख सच्छिद्र. पडेल तेवढा पाऊस आणि दव ती खाली जाऊ देते आणि वर झाकण घातल्यासारखी ओल धरून ठेवते. आपण मल्चिंगचा कागद अंथरतो तेच काम, तिथे डोंगराने केलेलं. ला हेरिया नावाच्या भागात असे हजारो खड्डे आहेत, एका खड्ड्यात एक-दोन वेल.

सँटोरिनीत मांडवच नसतो. वेल जमिनीवर टोपलीसारखा गोल वळवत नेतात आणि घड टोपलीच्या आत, वाऱ्या-उन्हापासून झाकलेले.

एकरी उतारा विचारू नका. आमच्यातल्या एका काकांनी विचारला, आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, ‘यांचा खर्च पण नाही ना काही.’ आणि बसमध्ये त्यावर निफाडपर्यंत पुरेल एवढी चर्चा झाली.

नळाचं पाणी प्यायचं का?

माल्टात चालतं, चव आवडणार नाही. सँटोरिनीत पिऊ नका, स्थानिकही बाटलीचं किंवा गाळलेलं पितात. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये काचेच्या बाटलीत तिथेच तयार केलेलं देतात, ते बिनधास्त प्या. समुद्रातून काढलेल्या पाण्याचा चहा थोडा पाणचट लागतो, पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून. उलट नळ मचूळ असेल तर साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर खिचडीलाही प्यायचंच पाणी वापरा.

हॉटेलात तर पाणी भरपूर असतं. मग ही टंचाई खरी की ऐकीव?

खरी. ती तुम्हाला दिसू नये म्हणून पैसे मोजलेले असतात, तुमचेच. हॉटेलाकडे मोठी टाकी असते, स्वतःचं यंत्र असतं, पुरवठा तुटला तर टँकरचा आधी नंबर त्यांचा लागतो. मागच्या गल्लीत नळाला वेळ ठरलेली असते. सिसिलीतल्या अग्रिजेंतो भागात २०२४ मध्ये हेच उघड दिसलं. घरगुती खोल्या देणाऱ्या लहान लोकांकडेच पाणी नव्हतं, त्यांना पाहुणे परत पाठवावे लागले. मोठ्या हॉटेलांचं निभावलं.

माझी एक सवय सांगतो. कुठल्याही बेटावर उतरलो की मी घरांची छपरं बघतो. काळ्या-निळ्या टाक्या जेवढ्या जास्त, तेवढा नळ बेभरवशाचा. मनमाडला आमच्या गल्लीत पाहुणा आला की त्याला नुसत्या पिंपांच्या रांगेवरून कळायचं, पाणी येऊन किती दिवस झालेत.

मग जायचं कधी आणि हॉटेल कसं निवडायचं?

भूमध्य बेटांना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. आपल्या मुलांची सुट्टी मे महिन्यात, त्यामुळे ते जुळतं. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि पाहुण्यांची संख्या मर्यादित असते, तेव्हा आधी ठरवा.

हॉटेलला आम्ही तीन गोष्टी विचारतो. पाणी कुठून येतं, सांडपाणी बागेला वापरता का, आणि तलाव असेल तर तो समुद्राच्या पाण्याचा आहे की गोड्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही तिथे आम्ही उतरत नाही. गोड्या पाण्याचा तलाव असलेलं हॉटेल कोरड्या बेटावर घ्यायचंच नाही, असं एकदा ठरवलं तेव्हा दोन कुटुंबांनी नावं मागे घेतली. घेऊ दे. समोर अख्खा समुद्र असताना पोहायला गोडं पाणी हवं, हे मला अजून कळलेलं नाही.

घरून पाणी न्यावं का?

नको. परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी भरलेली बाटली नेऊ देत नाहीत. रिकामी बाटली न्या. गंगाजलाची छोटी कुपी सामानाच्या बॅगेत चालते, हेही विचारून झालेलं आहे.

आंघोळीला बादली मिळेल का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न शेवटी ठेवला. बहुतेक ठिकाणी मिळत नाही, फक्त शॉवर असतो. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, दहा मिनिटांत शंभर लिटर गेले. बादलीत आपलं पंधरा-वीस लिटरमध्ये आटोपतं, डोक्यावरून असली तरी. त्यामुळे बादली मागायला लाजू नका. सँटोरिनीत आमच्या गटातल्या सहा जणींनी मागितली तेव्हा घरमालकीण आधी गोंधळली, मग कारण कळल्यावर फरशी पुसायच्या नव्याकोऱ्या बादल्या गावातून घेऊन आली. आंघोळीचा मग मात्र तिला कुठे मिळाला नाही. तेवढा प्लास्टिकचा मग घरून बॅगेत टाका.